कोर्टाचा दंड थकला, बेलिफ दारात: उघडायचं की नाही?

लेस्टरकर:
इंग्लंडातल्या आपल्या मंडळींत एक सल्ला कायम फिरत असतो: "बेलिफ, म्हणजे थकबाकी वसूल करणारा माणूस, आला तर दार उघडू नका, कंटाळून जाईल." कौन्सिल टॅक्सच्या (आपल्या घरपट्टीसारखा कर) थकबाकीत हे एक वेळ खपतं. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दंडात मात्र अंगाशी येतं, कारण फौजदारी दंडाच्या वसुलीसाठी बेलिफाला वाजवी बळ वापरून आत शिरता येतं. कुलूपवाला आणून कुलूप काढलं तरी ते कायद्यात बसतं. वर फी वेगळी. २०१४ च्या नियमांत ठरली ती अशी: प्रकरण बेलिफाकडे गेलं की ७५ पौंड, तो दारी आला की आणखी २३५. म्हणजे २०० च्या दंडाचे झाले ५१०! नोटिशीनंतर किमान ७ दिवस मिळतात, रविवार आणि सुट्ट्या सोडून. तेवढ्यात भरून टाका.

खटपट्या:
भरून टाका म्हणे! ऐपत नसते म्हणूनच तर थकतो ना दंड? त्यावर ३१० पौंड चढवायचे, ही वसुली की सावकारी? आणि कायद्यात असलं म्हणून काही सर्रास कुलपं काढत सुटत नाहीत. एकदा उंबऱ्याच्या आत आला की तो टीव्ही, सोफा, जे दिसेल त्याची यादी करतो आणि करारावर सही घेतो. मग हप्ता चुकला की त्याच वस्तू उचलायला परत हजर. त्यापेक्षा ओळखपत्र आणि वॉरंट (कोर्टाचा जप्तीचा हुकूम) पत्रपेटीच्या फटीतून मागा, दाराआडूनच बोला.

लेस्टरकर:
बोला ना, त्याला कोण नाही म्हणतंय? लोक दिवे मालवून गप्प बसतात, वाद त्याच्याशी आहे.

रानजाई:
अहो, तुम्ही दोघंही दारातच अडकलात. दंड झाल्याचं माणसाला माहीत तरी होतं का? विनाविमा गाडी, टीव्ही बघायचं लायसन्स न काढणं असले खटले २०१५ पासून एकच मॅजिस्ट्रेट नुसत्या कागदांवर निकाली काढू शकतो. घर बदललं, गाडीच्या लॉगबुकवर (नोंदणीपत्रावर) पत्ता जुनाच राहिला, की पत्रं तिकडेच साचतात आणि पहिली खबर देतो तो बेलिफ. अशा वेळी पैसे भरायची घाई कशाला? कळल्यापासून २१ दिवसांत कोर्टात स्टॅच्युटरी डिक्लरेशन करा: खटल्याची कल्पनाच नव्हती, असं शपथेवर सांगायचं. ते मंजूर झालं की शिक्षा रद्द, वसुली बंद, खटला पुन्हा पहिल्यापासून. माहीत असून खोटं सांगितलंत तर तो आणखी एक गुन्हा, हेही ऐकून ठेवा.

खटपट्या:
हे पटलं. पण ज्याला माहीत होतं आणि खिसा रिकामा आहे, त्याने काय करायचं?

लेस्टरकर:
वॉरंट निघण्याआधी जमाखर्चाचा कागद घेऊन कोर्टाच्या फाइन्स ऑफिसरला गाठायचं. हप्ते मागायचे, नाहीतर पगारातून कापून घ्या म्हणायचं. नंतर गेलात तर बहुधा "बेलिफाशीच बोला" हेच ऐकावं लागतं.

खटपट्या:
आणि गाडी दारासमोर उभी करू नका, जामर आधी तिलाच बसतो.

रानजाई:
धंद्याची गाडी असेल तर तसा पुरावा हाताशी ठेवा. कामाची साधनं एकूण १३५० पौंडांपर्यंत जप्तीतून वगळलेली आहेत. फ्रिज, स्वयंपाकाची शेगडी, अंथरूण-पांघरूण यांनाही हात लावता येत नाही.