मदत हवी आहे : 'पी-एच' आणि 'वाय' असलेले लांब इंग्रजी शब्द

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी मिरज तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात एका मुलीने फळ्यावर 'फोटोसिंथेसिस' हा शब्द 'एफ'ने सुरू केला आणि वर्गातील निम्म्या मुलांना त्यात काहीच चुकलेले दिसले नाही. तेव्हा मी सांगितले की ग्रीकमधून आलेल्या शब्दांत 'फ'चा उच्चार बहुधा 'पी-एच'ने लिहितात, आणि 'फोटो' म्हणजे प्रकाश व 'सिंथेसिस' म्हणजे एकत्र जोडणे, म्हणजेच विज्ञानाच्या पुस्तकातील आपले प्रकाशसंश्लेषण! चौदा अक्षरांचा तो शब्द तिने लगेच तीन तुकडे करून पुन्हा लिहिला, आणि तोही अचूक.

म्हणून बारा किंवा अधिक अक्षरांचे, 'पी-एच' आणि 'वाय' दोन्ही असलेले शब्द मी अर्थासह जमवत आहे. फिलान्थ्रॉपी (माणसांवरील प्रेम, परोपकार), फिजिओथेरपी (व्यायाम, मालीश इत्यादींनी उपचार) आणि क्रिस्टलोग्राफी (स्फटिकांच्या रचनेचा अभ्यास) एवढे मिळाले आहेत. आजारांची नावे पुष्कळ सापडतात, पण ती मुलांच्या वापरात येत नाहीत, त्यामुळे शक्यतो टाळावीत.

आपल्याला असे शब्द ठाऊक असल्यास मराठी अर्थ आणि शब्दाची फोड यांसह कृपया कळवावे. केवळ यादी नको, कारण फोड कळली की मुले स्पेलिंग विसरत नाहीत.