मदत हवी आहे : फायटर माशाचे रोजचे मुख्य खाद्य कसे निवडावे?

नमस्कार.

आमच्या घरी एक फायटर मासा, म्हणजे बेट्टा आहे. त्याच्या खाद्याविषयी मला जाणकारांचा सल्ला हवा आहे. अधूनमधून चवीपालट म्हणून काय द्यावे, हा माझा प्रश्न नाही. वर्षातले बहुतेक सगळे दिवस ज्याच्यावर त्याचे पोषण व्हायचे ते एक खाद्य कोणते असावे, आणि पाकिटावरचे काय वाचून ते ओळखावे, हे मला समजून घ्यायचे आहे. लिहिणे थोडे लांबले आहे, कारण आधी एक मासा गमावला आहे आणि तीच चूक पुन्हा करायची नाही.

आम्ही नाशिकला राहतो. मागच्या वर्षी मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला लाल रंगाचा एक नर फायटर आणला होता. दुकानदारांनी त्याच्याबरोबर प्लॅस्टिकच्या पुडीत सुटे लाल-हिरवे दाणे बांधून दिले. गोल्डफिशपासून गप्पीपर्यंत सगळ्यांना तेच दाणे चालतात, असे त्यांनी सांगितले. पुडीवर घटकांची यादी नव्हती आणि तारीखही नव्हती. मासा तो दाणा तोंडात घेऊन लगेच थुंकत असे, म्हणून दुसऱ्या दुकानातून वाळवलेल्या लाल अळ्यांची, म्हणजे ब्लडवर्मची, डबी आणली. त्या अळ्यांवर तो तुटून पडायचा. तो आवडीने खातो आहे एवढ्या समाधानावर आम्ही जवळजवळ पाच महिने दोन्ही वेळा त्याला त्याच दिल्या. पुढे त्याचे पोट फुगू लागले, तो तळाशी बसून राहू लागला, आणि शेवटच्या आठवड्यात त्याचे खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिले. तो जानेवारी महिना होता, टाकीत हीटर नव्हता आणि सकाळी पाणी १९ अंशांपर्यंत उतरलेले असायचे. त्यामुळे सगळा दोष खाद्याचाच होता असे मी म्हणत नाही, पण खाद्य निवडताना मी काहीही वाचले नव्हते, हे मात्र खरे आहे.

आता निळ्या रंगाचा, पसरट शेपटीचा हाफमून आणला आहे. या वेळी २० लिटरची झाकण असलेली टाकी, स्पंज फिल्टर आणि हीटर घेतला असून पाणी २६ अंशांवर स्थिर असते. मासा येऊन तीन आठवडे झाले आहेत.

मधल्या काळात जे वाचले त्यातून एवढे कळले की हा मासा मूळचा थायलंडमधल्या सखल, उथळ पाण्याचा आहे. भातखाचरे, दलदली आणि संथ ओहोळ यांत तो वाढतो, आणि पाण्यावर पडलेले किडे, डासांच्या अळ्या व बारीक जलजीव यांवर जगतो. त्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, ते पृष्ठभागावरचे भक्ष्य टिपण्यासाठीच. म्हणजे गोल्डफिशचे पिठाळ दाणे त्याला मुख्य अन्न म्हणून योग्य नाहीत, हे माझ्या लक्षात आले. पुढचे मात्र उलगडत नाही.

माझ्यासमोर तीन पाकिटे आहेत. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण मला नावापेक्षा निवडीची रीत शिकायची आहे.

पहिल्या पाकिटावर घटक या क्रमाने छापले आहेत : फिश मील, गव्हाचे पीठ, सोयाबीनची पेंड, कोळंबीची भुकटी, यीस्ट, जीवनसत्त्वे, खाद्यरंग. प्रथिने किमान ४० टक्के.

दुसऱ्यावर ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या पहिल्या आहेत. त्यानंतर फिश मील, क्रिल (कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव), बटाट्याचे पीठ, थोडा गहू आणि जीवनसत्त्वे. प्रथिने याचीही ४० टक्के.

तिसऱ्यावर ताजा अख्खा सालमन पहिला आहे, मग गव्हाचे पीठ, गव्हाचे ग्लुटेन, गव्हाचे अंकुर आणि शेवटी क्रिल. प्रथिने ४५ टक्के, आणि हेच पाकीट सर्वांत महाग आहे.

माझा कल तिसऱ्याकडे आहे, कारण सालमन पहिला आहे आणि प्रथिनांचा आकडाही मोठा आहे. हा विचार बरोबर आहे का? दुसरी शंका अशी की गोठवलेल्या ब्लडवर्मच्या पाकिटावर प्रथिने अवघी ५ टक्के लिहिलेली दिसतात. मग सगळे त्यांना पौष्टिक का म्हणतात? आणि एका वेळी नेमके किती दाणे द्यावेत? कोणी माशाच्या डोळ्याएवढे म्हणतात, कोणी दोन मिनिटांत संपेल तेवढे म्हणतात. आमचा मासा दोन मिनिटांत पंधरा दाणेही संपवील.

कृपया अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

ताई, आधीच्या माशाचे वाचून वाईट वाटले. खवले उभे राहणे हे शरीरात पाणी साठल्याचे लक्षण आहे. त्यामागे मूत्रपिंड निकामी होणे, जंतुसंसर्ग, थंडी अशी बरीच कारणे असू शकतात, आणि ती अवस्था आल्यावर मासा क्वचितच वाचतो. त्यामुळे अळ्यांनीच तो गेला असे मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे बारा वर्षे फायटर आहेत आणि त्यांची पैदासही मी करतो, त्या अनुभवावरून लिहितो.

तुमचा तिसऱ्या पाकिटाकडचा कल मला पटत नाही. घटकांचा क्रम वजनानुसार असतो, पण ते वजन दाणा तयार होण्यापूर्वीचे असते. ताज्या माशात सुमारे ७० ते ७५ टक्के पाणी असते. समजा, १०० ग्रॅम कच्च्या मिश्रणात ४० ग्रॅम ताजा सालमन घातला, तर वाळल्यावर त्यातले १० ते १२ ग्रॅम उरतात. गव्हाचे पीठ मात्र आधीच कोरडे असल्यामुळे जवळजवळ तेवढेच राहते. शिवाय त्या यादीत गहू तीन नावांनी आला आहे. पीठ, ग्लुटेन आणि अंकुर यांची बेरीज केली, तर पहिला क्रमांक बहुधा गव्हाचाच निघेल. फिश मील हे मासे शिजवून, तेल व पाणी काढून केलेले कोरडे पीठ असते, म्हणून ते यादीत पहिले असेल तर दाण्यातही खरोखर भरपूर असते. ‘ताजा’ हा शब्द आपल्याला स्वयंपाकघरातल्या सवयीने चांगला वाटतो, पण कोरड्या खाद्याच्या यादीत तो फसवा ठरू शकतो.

आता ४५ टक्क्यांविषयी. पाकिटावरची प्रथिने ही खाद्यातला नायट्रोजन मोजून आणि त्याला ६.२५ ने गुणून काढलेली असतात. तो नायट्रोजन माशातून आला की गव्हाच्या ग्लुटेनमधून, हे त्या आकड्यातून कळत नाही. ग्लुटेन हे जवळजवळ प्रथिनच असल्याने ते घातले की आकडा वर जातो. म्हणून ४० आणि ४५ यांतल्या फरकापेक्षा प्रथिने कोणाची आहेत ते पाहा.

ब्लडवर्मच्या ५ टक्क्यांचे उत्तर पाण्यात आहे. गोठवलेल्या अळ्यांत ९० टक्के ओलावा असतो, म्हणजे कोरडा भाग १० टक्के, आणि त्यातला निम्मा प्रथिनांचा. कोरड्या हिशेबाने ते ५० टक्के झाले. ४० टक्के प्रथिने आणि ८ टक्के ओलावा असलेला दाणा याच हिशेबाने ४३.५ टक्क्यांवर येतो. ओलावा वजा केल्याशिवाय दोन खाद्यांची तुलना करूच नये. ब्लडवर्म मुख्य अन्न म्हणून नको, ते प्रथिने कमी म्हणून नव्हे, तर जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचा त्यात समतोल नसतो म्हणून. गोठवलेल्या अळ्या आठवड्यातून एकदा-दोनदा जरूर द्या.

मी असतो तर दुसरे पाकीट घेतले असते. कीटक हे या माशाचे निसर्गातले खाणे आहे, आणि त्या यादीत पहिले तीनही घटक प्राणिज आहेत. पिठाचे नाव दिसले म्हणून घाबरू नका. दाणा बांधून ठेवायला थोडे पिष्ट लागतेच. फक्त ते यादीत खाली हवे. पहिले पाकीटही वाईट नाही. त्यात सोयाबीनची पेंड इतक्या वर नसती, तर मी दोन्ही सारखीच मानली असती. खाद्यरंग माशासाठी नसून आपल्या डोळ्यांसाठी असतो, तेव्हा त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

प्रमाणाचे म्हणाल, तर दोन मिनिटांचा नियम टाकीत मासे पुष्कळ असतात तेव्हासाठी आहे. एकट्या फायटरला तो लावू नये, कारण पोट भरले तरी तो खात राहतो. एक मिलिमीटरचे तीन दाणे सकाळी आणि तीन संध्याकाळी, एवढ्यावर सुरुवात करा. वरून पाहिल्यावर पोट किंचित गोल दिसावे, कुशी बाहेर आलेल्या दिसू नयेत. खपाटीला गेलेले वाटले तर एक दाणा वाढवा. आठवड्यातून एक दिवस मी काहीच देत नाही. न खाल्लेला दाणा काढून टाका, तो कुजला की पाण्यात अमोनिया वाढतो. आणि हीटर बंद पडून पाणी २० अंशांवर आले, तर ते पुन्हा तापेपर्यंत खाऊ घालू नका. माशाचे पचन पाण्याच्या उष्णतेवर चालते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. गहू तीन नावांनी आला आहे हे मी तीन वेळा वाचूनही माझ्या लक्षात आले नव्हते.

तुमचे वाचून मी आणखी एक गोष्ट केली. आमच्या शेजारी सोनारकाम करणारे काका राहतात, त्यांच्या काट्यावर दुसऱ्या पाकिटातले १०० दाणे मोजून घेतले. वजन जेमतेम ०.१ ग्रॅम भरले. दिवसाला सहा म्हणजे महिन्याला १८० दाणे, म्हणजे ०.१८ ग्रॅम. या हिशेबाने ५ ग्रॅमची पुडी दोन वर्षांहून अधिक पुरेल. मी महागाईचा विचार करत बसले होते, पण चांगल्यातले चांगले खाद्य घेतले तरी महिन्याचा खर्च नगण्य आहे. उलट पाकीट संपण्याआधी शिळे होईल, ही काळजी वाटते. उघडलेले पाकीट किती दिवस वापरावे?

दुसरे असे की दुकानात याला बहुधा अळ्यांचीच सवय होती. तो दाण्याकडे पाहतो आणि परत फिरतो. बद्धकोष्ठता झाली तर उकडलेला वाटाणा द्यावा, असेही बऱ्याच ठिकाणी वाचले. तो देऊ का?

प्रतिसाद

मी चिपळूणची आहे, त्यामुळे शिळेपणाच्या प्रश्नावर बोलण्याचा मला हक्क आहे. आमच्याकडे पावसाळ्यात उघडे पाकीट पंधरा दिवसांत सादळते. उघडल्यापासून खाद्यातले क जीवनसत्त्व कमी होऊ लागते आणि स्निग्ध भागाला खवट वास येतो. सर्वांत लहान पुडी घ्यावी, तिच्यावर उघडल्याची तारीख लिहावी आणि सहा महिन्यांनी उरलेले टाकून द्यावे. मी महिन्याचे दाणे एका छोट्या डबीत काढते आणि बाकीचे घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवते. बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत दव धरते. ओले बोट पुडीत घालू नये, हे मुलाला आवर्जून सांगा.

वाळवलेल्या अळ्या घरात उरल्या असतील तर त्याही मुलाच्या हाती देऊ नका. त्यांच्या भुकटीची काही जणांना ॲलर्जी होते. माझ्या भाच्याला शिंका आणि डोळ्यांना खाज यायची, आणि कारण कळायला आम्हाला बरेच दिवस लागले.

दाणा न खाण्यावर भूक हाच उपाय आहे. पूर्ण वाढलेला, निरोगी फायटर दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर त्याला अपाय होत नाही. रोज ठरावीक वेळी एकच दाणा टाका, पाच मिनिटांत घेतला नाही तर काढून टाका, आणि दया येऊन अळी देऊ नका. गोठवलेल्या अळीच्या पाण्यात दाणा क्षणभर बुडवून दिला तर काही मासे लवकर वळतात.

वाटाणा देऊ नये असे माझे मत आहे. हा कीटक खाणारा मासा आहे, त्याला वाटाणा पचवायचे कारणच नाही. पोट जड वाटले तर एक दिवस उपास करवा आणि दुसऱ्या दिवशी डॅफ्निया, म्हणजे पाण्यातल्या पिसवा, द्या. त्यांच्या कठीण कवचाने पोट साफ व्हायला मदत होते. गोठवलेला डॅफ्निया मिळतो.

कोणी डासांच्या अळ्या घरी बादलीत वाढवायला सांगितले तर ऐकू नका. माशासाठी त्या उत्तमच आहेत, पण अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यूच्या दिवसांत तो धोका आपल्याबरोबर शेजाऱ्यांनाही असतो. गटारातून धरलेल्या जिवंत ट्युबिफेक्सचेही, म्हणजे गाळातल्या बारीक लाल किड्यांचेही, तसेच. त्यांच्याबरोबर रोग टाकीत येतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. दुसरे पाकीट नक्की केले आहे. त्याच्यावर आजची तारीख लिहिली आणि निम्मे दाणे, मुलाच्या ज्या मित्राकडे फायटर आहे, त्याला देऊन टाकले. वाळवलेल्या अळ्यांची डबी आज कचऱ्यात गेली.

काल संध्याकाळी आणि आज सकाळी त्याने दाणा घेतला नाही. मुलाचा जीव कासावीस झाला होता, पण त्याला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवल्यावर त्याने अळी मागितली नाही. आत्ता साडेसात वाजता टाकलेला दाणा माशाने एकदा थुंकला आणि दुसऱ्यांदा गिळला. दुसरा दाणा उद्या सकाळीच देणार आहे.