सायटेशन्स मोजायची की वाचायची? रेण्वीय जीवशास्त्रातल्या संशोधकाचं काम जोखताना

ब्लॉटिंगपेपर (धागाकर्ता)

मुद्दा थेट मांडतो. रेण्वीय जीवशास्त्रातल्या माणसाची नेमणूक, बढती किंवा निधी ठरवताना एकूण सायटेशन्स (पेपरांचा किती वेळा संदर्भ दिला गेला) आणि एच-इंडेक्स (जितके पेपर किमान तितक्याच वेळा उद्धृत झाले तो आकडा) हे दोन आकडे अर्जाच्या पहिल्या पानावरून हद्दपार करावेत. उमेदवारानं आपले पाच पेपर निवडून द्यावेत आणि समितीनं ते पेपर इतरांनी कोणत्या वाक्यात उद्धृत केलेत ती वाक्यं वाचावीत.

एक काल्पनिक प्रोफाइल घ्या. ६२ पेपर, ६,४०० सायटेशन्स, एच-इंडेक्स ३१. भारदस्त वाटतं. आता उकलून बघा. ३,९०० सायटेशन्स एकट्या पद्धतीच्या पेपरची. ९०० एका रिव्ह्यूची, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या लेखाची. ५०० एका मोठ्या गटाच्या पेपरची, ज्यात या माणसाचं नाव चौदावं. उरलेल्या ५९ पेपरांच्या वाट्याला ११०० येतात. याच्या प्रयोगशाळेनं स्वतः काय शोधलं हा प्रश्न विचाराल, तर उत्तर त्या ११०० मध्ये आहे आणि पहिल्या पानावर ते कुठेच दिसत नाही.

शिवाय आपल्याकडे लेखकांच्या क्रमाला अर्थ असतो. पहिलं नाव बहुतेक वेळा प्रयोग करणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. मधलं नाव एखादी अँटिबॉडी किंवा प्लास्मिड पुरवणाऱ्याचंही असू शकतं. एच-इंडेक्स तिघांनाही सारखंच माप घालतो.

शून्य_एक

पूर्ण असहमत. आणि तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय.

एच ३१ म्हणजे किमान ३१ सायटेशन्स असलेले किमान ३१ पेपर. तुमचे तीन ‘संशयित’ पेपर बाजूला काढा. एकूण आकडा ६,४०० वरून ११०० वर कोसळतो. एच मात्र २८च्या खाली जाऊच शकत नाही, कारण उरलेल्या २८ पेपरांना किमान ३१ सायटेशन्स आहेतच. हर्शनं २००५ मध्ये हे माप सुचवलं त्यामागचं एक कारण हेच होतं, एखाद्या लॉटरी लागलेल्या पेपरनं माणूस मोठा दिसू नये. तेव्हा एकूण सायटेशन्स फेकायची असतील तर जरूर फेका, पण दोन्ही मापं एका दावणीला बांधू नका.

दुसरं, आकडे काढले की त्या जागी काय येतं? ‘आमच्या ओळखीतला आहे, चांगला मुलगा आहे.’ वशिल्यापेक्षा वाईट आकडा परवडला, कारण आकडा निदान तपासता येतो. एका जागेसाठी शंभरावर अर्ज आले की प्रत्येकी पाच पेपर म्हणजे पाचशे पेपर झाले. त्यांना उद्धृत करणारी वाक्यं वेगळीच. ती कोण वाचणार?

ब्लॉटिंगपेपर

एका हिटपुरता एच टिकाऊ, मान्य. पण त्या २८ पैकी किती पेपरांत नाव पहिलं किंवा शेवटचं आहे, हे तो सांगत नाही. पाच पेपर, प्रत्येकी ८०० सायटेशन्स: एच ५. वीस पेपर, प्रत्येकी २०: एच २०. दुसऱ्याची एकूण बेरीज ४००, पहिल्याची ४,०००. मी तरी पहिल्याला बोलावीन. आणि एच कधी उतरत नाही. माणसानं दहा वर्षं पिपेटला हात लावला नाही तरी तो चढतच राहतो.

वाचायचं ते शंभर अर्जांचं नाहीच. निवडक यादीत आलेल्या आठ-दहांचं.

शून्य_एक

आणि त्या यादीत शंभरातून दहा आणणार कशाच्या जोरावर? तिथेच आकडा लागतो.

टेलोमिअर

‘पद्धतीचा पेपर’ हे शब्द इथे शिवीसारखे वापरले जाताहेत, म्हणून मध्ये पडतो.

सर्वाधिक उद्धृत झालेल्या पेपरांची यादी पाहा. अगदी वर लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१चा प्रथिनमापनाचा पेपर, ३ लाखांहून जास्त सायटेशन्स. त्याखाली लेमली, १९७०. मग ब्रॅडफर्ड, १९७६, तोही प्रथिनमापनाचाच. सँगरची १९७७ची डीएनए अनुक्रम वाचण्याची पद्धत आणि चोमझिन्स्की-साकी यांची १९८७ची आरएनए वेगळा करण्याची पद्धतही वरच्या फळीतच. वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा पेपर, १९५३? पहिल्या शंभरात नाही.

लेमलीचा पेपर तर गमतीदार आहे. लेखक एकच, आणि शीर्षक टी४ बॅक्टेरिओफेज या जीवाणूंना लागणाऱ्या विषाणूच्या डोक्याची जुळणी होताना प्रथिनं कशी तुटतात याबद्दलचं. जेलचं त्यात नावही नाही. पण जगानं उचलली ती जेलमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी करण्याची कृती, एसडीएस-पेज. आता हे ‘शोध’ नव्हे म्हणून बाजूला ठेवायचं का? एसडीएस-पेज नसतं तर पुढच्या पन्नास वर्षांतले निम्मे प्रथिन-शोध लागलेच नसते, असं माझं मत. हजारो प्रयोगशाळांत वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या नमुन्यांवर पद्धत चालते, याहून कडक परीक्षा दुसरी कुठली?

उलटा अन्यायही होतो. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांचा १९६३चा पेपर, प्रथिनाच्या साखळीत कोणते कोन शक्य आहेत ते दाखवणारा. प्रथिनांची रचना छापणारा जवळपास प्रत्येक जण ‘रामचंद्रन प्लॉटमध्ये इतके टक्के अवशेष (साखळीतली अमिनो आम्लं) अनुकूल भागात’ असं लिहितो, आणि संदर्भ देतो तो तपासणीच्या सॉफ्टवेअरचा. काम इतकं मुरलं की नाव राहिलं आणि सायटेशन गेलं. हा हिशेब कुठल्या इंडेक्समध्ये धरणार?

पिपेट_टिप

टेलोमिअर, ‘हजारो हातांनी परीक्षा होते’ यावर आक्षेप आहे. सायटेशन म्हणजे पेपर वाचला असं नाही, आणि सूचना पाळली असं तर मुळीच नाही.

क्यूपीसीआर म्हणजे चक्रागणिक डीएनएच्या प्रती वाढवत जीन किती सक्रिय आहे ते मोजणं; ठरलेली पातळी गाठायला जितकी चक्रं लागतात ते सीटी. त्यातली डेल्टा-डेल्टा-सीटी पद्धत घ्या, लिव्हाक-श्मिटगेन, २००१. सायटेशन्स लाखाच्या घरात. त्या पेपरात अट स्पष्ट आहे: लक्ष्य जीन आणि तुलनेसाठीचा संदर्भ जीन, दोघांची कार्यक्षमता (दर चक्राला प्रती दुप्पट झाल्या तर १०० टक्के) जवळपास सारखी आणि १०० टक्क्यांच्या आसपास हवी. ती कशी तपासायची तेही दिलंय. सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) टप्प्याटप्प्यानं पातळ करत विरलन-मालिका करा, प्रत्येक पायरीला दोन्ही जीनच्या सीटींतला फरक काढा, तो विरलनाच्या लॉगसमोर मांडा. रेषेचा उतार शून्याजवळ आला पाहिजे. एकेका प्रायमर-जोडीची (प्रती सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) कार्यक्षमता हवी असेल तर दसपटीच्या पाच विरलनांचा प्रमाण-आलेख काढा. उतार -३.३२ म्हणजे १०० टक्के, -३.६ ते -३.१ म्हणजे ९० ते ११०.

न तपासल्यास काय होतं? संदर्भ जीनचं सीटी स्थिर धरा. लक्ष्य जीनचं सीटी ५ चक्रांनी खाली आलं. सूत्र सांगतं ३२ पट वाढ. प्रायमरची खरी कार्यक्षमता ८० टक्के असेल तर ती वाढ १.८चा पाचवा घात, म्हणजे सुमारे १९ पट. ३२ आणि १९. आलेखातला खांब दीडपटीहून उंच छापला जातो, वर सांख्यिकीय महत्त्वाचे तीन तारे, आणि खाली २००१चा संदर्भ!

याच ढिसाळपणाला कंटाळून २००९ मध्ये एमआयक्यूई नावाची मार्गदर्शक तत्त्वं आली. तरी ‘पद्धती’ विभागात कार्यक्षमतेचा आकडा शोधून पाहा, किती वेळा सापडतो ते. तेव्हा पद्धतीच्या पेपरची सायटेशन्स वापर दाखवतात. नीट वापर दाखवत नाहीत. लॉरीचंही तेच. डिटर्जंट, डीटीटी, ईडीटीए अशी रसायनं असलेल्या बफरमध्ये ती पद्धत गडबडते, हे ठाऊक असूनही लोक तशा लायसेटवर (फोडलेल्या पेशींच्या द्रावावर) चालवून संदर्भ ठोकून देतातच.

टेलोमिअर

पण यात लिव्हाकचा काय दोष? मोजमाप त्यांच्या कामाचं चाललंय, वापरणाऱ्यांच्या आळसाचं नाही.

हळद_आणि_जीएफपी

‘वाचा, मोजू नका’ म्हणणाऱ्यांनी एमआरएनए लसींचा पाया घालणाऱ्या कॅटलिन कारिकोचं नाव अजून कसं काढलं नाही? २००५चा ‘इम्युनिटी’ जर्नलमधला पेपर, आरएनएतल्या युरिडिन या घटकाच्या जागी स्यूडोयुरिडिनसारखे बदललेले घटक (न्यूक्लिओसाइड) घातले तर पेशीची जन्मजात प्रतिकारशक्ती खवळत नाही. कित्येक वर्षं फारसं कुणी विचारलं नाही, २०२० नंतर सायटेशन्सचा पूर, २०२३ मध्ये नोबेल. आकड्यांवर जाणाऱ्या समितीनं तिला काय दिलं असतं?

शून्य_एक

वाटच बघत होतो. तो पेपर आधी ‘नेचर’कडे गेला होता आणि तिथून परत आला. म्हणजे परत पाठवणारे कोण? वाचणारे. आकड्यांचा त्यात हातच नव्हता.

आणि जिंकलेल्याकडे बोट दाखवून नियम करता येत नाही. दहा वर्षं दुर्लक्षित राहिलेले बहुसंख्य पेपर पुढची चाळीस वर्षंही दुर्लक्षितच राहतात, आणि बऱ्याचदा योग्य कारणानं. त्यातून पुढचा कारिको-पेपर वाचून ओळखता येईल असा दावा असेल, तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल (त्यातल्या अलीकडच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा) मात्र मी तुमच्याच बाजूला. २००८ मध्ये स्फटिकांची रचना काढणाऱ्या शेलएक्स सॉफ्टवेअरवर एक पेपर आला आणि ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’चा फॅक्टर साधारण २ वरून २००९ साली ४९.९ वर गेला. त्या अंकांत छापलेल्या बाकीच्यांचं काम एका रात्रीत पंचवीसपट सुधारलं होतं काय?

सूचीकार

तत्त्वचर्चा होत राहील. प्रोफाइल हातात आलीच तर निदान साफ करून घ्या.

सगळ्यात आधी एकच स्रोत धरा. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटसुद्धा (परीक्षणाआधी टाकलेले पेपर) मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सपेक्षा जवळपास नेहमीच मोठा. एकाचा स्कॉलर आणि दुसऱ्याचा स्कोपस शेजारी ठेवणं हा सरळ घोटाळा आहे, आणि तो सर्रास होतो. मग नावं. आडनाव आणि एक आद्याक्षर इतकंच असेल तर दोन माणसांचे पेपर एका प्रोफाइलमध्ये शिरतात; ऑर्किड, म्हणजे प्रत्येक संशोधकाच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाशी ताडून बघा. प्रीप्रिंट आणि छापील आवृत्ती वेगळी नोंदली गेली असेल तर सायटेशन्स दोन ठिकाणी फुटतात आणि एच उगाच कमी दिसतो.

स्व-सायटेशन्स काढा, पण सहलेखकांची कोणती धरायची ते आधी ठरवा. रिव्ह्यू वेगळ्या रकान्यात. वयाचा आणि उपशाखेचा फरक काढायला अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेच्या आयसाइट संकेतस्थळावरचा आरसीआर हा सायटेशन-निर्देशांक बरा: १.० म्हणजे त्याच क्षेत्रातल्या, त्याच वर्षीच्या एनआयएच-निधीतल्या पेपरांची मध्यक पातळी. ताज्या पेपरांवर त्याचाही भरवसा धरू नये.

यानंतर वरचे पाच पेपर घ्या आणि प्रत्येकाची वीस उद्धृत-वाक्यं, अलीकडचीच नव्हेत, वर्षांत विखुरलेली. चार खुणा पुरतात: प्रस्तावनेतला ओझरता उल्लेख, पद्धत वापरली, निष्कर्षावर पुढचा प्रयोग उभा केला, निष्कर्ष खोडला. ‘या जीनचा कर्करोगाशी संबंध आहे [१२–१९]’ अशा आठ संदर्भांच्या गाठोड्यातलं सायटेशन मी जवळपास शून्य धरतो. ‘[१४] मध्ये दिलेलं सेरीनचं अ‍ॅलनीन केलेलं उत्परिवर्तन आम्ही पुन्हा तयार केलं आणि बंधन तुटलं’ हे एक वाक्य अशा पन्नासांना भारी.

शून्य_एक

‘खोडला’ या खुणेत फार काही सापडणार नाही. २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’च्या पेपरांवर झालेल्या अभ्यासात टीका करणारी सायटेशन्स सुमारे २.४ टक्केच निघाली. लोक चुकीचं काम खोडत बसत नाहीत, सोडून देतात. म्हणजे सायटेशन हे बहुतांशी होकारार्थी मत असतं, माझंच म्हणणं.

पिपेट_टिप

किंवा चूक कुणी तपासलीच नाही असंही. अल्झायमरवरचा २००६चा ‘नेचर’मधला अ‍ॅमिलॉइड बीटा-स्टार-५६चा पेपर २०२४ मध्ये मागे घेतला गेला, चित्रांतल्या फेरफारामुळे. तोवर २ हजारांहून जास्त सायटेशन्स जमली होती, बहुतेक ‘होकारार्थी’ रकान्यात. ती सायटेशन्स आजही लेखकांच्या बेरजेतून कुणी वजा करत नाही. उलट आर्सेनिकवर वाढणाऱ्या जीवाणूचा २०१०चा दावा बघा. त्याच्या सायटेशन्समध्ये खोडणारे पेपरही आले, आणि बेरजेत त्यांचीही भरच पडली.

सूचीकार, तुमच्या यादीत एक पायरी वाढवा: पाचही पेपरांचे डीओआय (प्रत्येक पेपरचा ओळख-क्रमांक) मागे घेतलेल्या पेपरांच्या रिट्रॅक्शन वॉच नोंदींत टाकून बघा, आणि वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या) आकृत्या मोठ्या करून लोडिंग कंट्रोलच्या (सगळीकडे सारखं प्रथिन घातलंय हे दाखवणाऱ्या, बहुधा अ‍ॅक्टिनच्या) पट्ट्या एकमेकींशी ताडून बघा. एकच अ‍ॅक्टिनची पट्टी दोन वेगळ्या प्रयोगांखाली, कधी आरशातल्यासारखी उलटून, लावलेली सापडते. अर्ध्या तासाचं काम आहे.

सूचीकार

वाढवली. फक्त एक पथ्य: आकृत्या छापील पीडीएफवरून बघू नका. दाबलेल्या चित्रात सगळ्याच पट्ट्या सारख्या दिसतात. जर्नलच्या पानावरची पूर्ण आकाराची प्रतिमा उतरवा, आणि मूळ न कापलेले ब्लॉट पुरवणीत दिले असतील तर आधी तेच उघडा.