समुद्रकिनारी दोन रात्री: तारे बघायचेत, पण जेवणाचं काय करू?

दोरीवरचे कपडे

परवा रात्री साडेनऊला गच्चीत वाळलेले कपडे काढायला गेले. म्हणजे वाळून परत दमट झालेले. चादर ओढली तर तिच्या कडेवर तीन तारे एका ओळीत. मृगातला बाण! शाळेत असताना रोज ओळखायचे, मग मधली वीस वर्षं मान वर करायचीच राहून गेली. तोंडात चिमटा धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. खालून हाक आली, "दूध उतू गेलं गं!"

तर जानेवारीत दोन रात्री समुद्रकिनारी जायचं ठरवलंय. या वेळी फक्त ताऱ्यांसाठी, असं घरात जाहीरही केलंय.

गेल्या हिवाळ्यात असेच गेलो होतो आणि पार फसलो. एक तर पौर्णिमा होती. किनाऱ्यावर पेपर वाचता आला असता, तारे बोटांवर मोजण्याइतके. दुसरं म्हणजे खोलीला छोटं स्वयंपाकघर होतं. ते आहे म्हटल्यावर त्यात कोण उभं राहणार हे वेगळं सांगायला नको. जेवायला साडेदहा वाजले. जेवून सगळे आडवे आणि मी भांडी घासत लाटांचा आवाज ऐकतेय. घरी नळाचा ऐकते, तिथे लाटांचा, एवढाच काय तो बदल.

चार माणसं आहोत. कुणाला किती थंडी सोसेल याचा अंदाज यावा म्हणून वयं देते: सासूबाई ६५, नवरा ४३, मी ३७, लेक नऊची व्हायला आलीय. दुर्बीण एक आहे, ७×५० लिहिलंय तिच्यावर, मामांनी दिलेली. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. कधी जावं, काय बघावं, आणि मुख्य म्हणजे खायचं काय, कधी? चांगलंचुंगलं खायलाही हवंय बरं का. बिस्किटांवर रात्र काढा असं कृपया सांगू नका, घरात बंड होईल.

झोपाळू

जेवल्यावर तारे दिसत नाहीत, हा निसर्गनियम आहे. भाऊजींच्या बाजूने मत नोंदवून झोपायला जातो.

उत्तररात्र

कपडेताई, आधी तारखेचं बघू. अगदी अमावास्या धरू नका, तिच्यानंतर दोन-तीन दिवसांनी जा. सूर्य मावळला की पश्चिमेला समुद्रावर चंद्राची कोर असेल. कोरीच्या उरलेल्या भागावरही अंधूक उजेड दिसतो. तो पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश. हे सगळं जेवताना बघून होतं. तासा-दोन तासांत कोर बुडते आणि पुढची अख्खी रात्र काळी. गेल्या वर्षीच्या पौर्णिमेबद्दल वाईट वाटून घेऊ नका. हिवाळ्यातला पूर्ण चंद्र उन्हाळ्यातल्यापेक्षा आकाशात बराच उंच चढतो, त्यामुळे त्याच्यापुढे लपायला जागाच नसते.

दुसरी गोष्ट ऐकून घरचे हसतील. रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागात समुद्राकडे पाठ करून बसा. सगळे लोक सतरंजी समुद्राकडे तोंड करून टाकतात. पण तुमचा किनारा पश्चिमेचा, आणि जानेवारीत संध्याकाळी मृग, रोहिणी, व्याध ही सगळी मंडळी पूर्वेला, म्हणजे जमिनीच्या बाजूला उगवतात. ती समुद्रावर कलायला मध्यरात्र उलटून जाते. तेव्हा मागे झाडी असली तरी चालेल, हॉटेलचे दिवे मात्र नकोत.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलवर एकदा नजर टाकली की ती कमाई पाण्यात. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद दुहेरी गुंडाळा. मंद लाल उजेडाने फारसं बिघडत नाही.

आता बघायचं काय. बाणाचे तीन तारे तुम्हाला सापडलेच आहेत. ती रेघ एका बाजूला वाढवली की व्याध. तो खाली क्षितिजाजवळ असताना लाल-निळा-हिरवा लुकलुकतो, लेकीला तेव्हाच दाखवा, वर चढला की ती गंमत कमी होते. रेघ दुसऱ्या बाजूला नेली की रोहिणी, आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा झुबका. दुर्बीण कृत्तिकांवर लावा आणि कुणाला काही सांगू नका, आपोआप "अगंबाई" ऐकू येईल. मग बाणाजवळच्या तीन बारीक ठिपक्यांतला मधला. तो तारा नाही, तेजोमेघ आहे, तिथे नवे तारे जन्मताहेत. थेट बघू नका, किंचित बाजूला बघा, मग तो जास्त पसरलेला दिसेल. फोटोतला गुलाबी रंग मात्र दिसणार नाही, इतक्या कमी उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाही. मृगाच्या खांद्यावरचा तांबूस काक्षीही दाखवा. २०१९ च्या अखेरीस तो इतका मंदावला होता की आमच्यासारख्यांनी रोज गच्चीत चकरा मारल्या. आता फुटतो की काय! पुढे कळलं, त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आली होती.

आणि तुम्ही वयं दिलीत थंडीसाठी, पण माझ्या ती वेगळ्याच कामाला आली. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे त्या रात्री दिसेल तो उजेड तुमची लेक पाळण्यात असताना निघालेला. ब्रह्महृदय सुमारे ४३ प्रकाशवर्षांवर, ते भाऊजींचं. रोहिणी साधारण ६५, ती सासूबाईंची. तुमचा स्वाती, सुमारे ३७. फक्त तो उगवतो मध्यरात्रीच्या आसपास. त्याला मी काही करू शकत नाही.

चिमूटभर

वरचं सगळं झकास, पण ताई, तुमच्या प्रश्नाचा गाभा स्वयंपाकघरात आहे आणि उत्तररात्र महाशय त्याला शिवलेदेखील नाहीत. (पुरुष असणार. पैज.)

पहिली अट म्हणजे खोलीतल्या त्या स्वयंपाकघराचं दार उघडायचं नाही. पाणी उकळण्यापुरती किटली, बास.

दुसरी अट: एकच मोठं जेवण करू नका. दोन भाग करा. सूर्यास्ताच्या वेळी, उजेड असताना खरं जेवण, तेही बाहेरून मागवलेलं किंवा बाहेर जाऊन. समुद्रावर आलात तर मासे खाणारच, ते याच वेळी खा. काट्याचा मासा अंधारात खायचा नसतो. मी एकदा खाल्ला आणि ती रात्र तारे सोडून घसा दाखवण्यात गेली. पोट तुडुंब भरू नका, दोन घास कमी. मग दहाच्या सुमाराला दुसरा भाग, वाळूवर. त्या दहाच्या खाण्याच्या ओढीने माणसं जागी राहतात. तारे बघायला उठा म्हटलं तर कुणी उठत नाही. गरम सूप ओततेय म्हटलं की उठतात.

सूप दाट करा. बटाटा, गाजर, भोपळा, काय असेल ते शिजवून घोटून. पातळापेक्षा दाट हळू निवतं. थर्मास आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं झाकून ठेवा, ते ओतून मग सूप भरा आणि काठोकाठ भरा. अर्धा रिकामा थर्मास लवकर गार होतो. वाट्या नकोत, कानाचे मग घ्या. दोन्ही हातांनी धरता येतात आणि हातही शेकतात. सोबत लोण्यात परतलेले पावाचे तुकडे घट्ट डब्यात. उकडलेली अंडी घरीच सोलून न्या, वाळूत अंडं सोलणं म्हणजे दाताखाली कचकच. संत्री सोलून फोडी करून. भाजलेले शेंगदाणे मात्र मुद्दाम सालासकट न्या. अंधारात सालं काढत बसायला हाताला काम मिळतं आणि मुलं "आता किती वेळ" विचारत नाहीत.

शेकोटीचा मोह होईल. करू नका. एकदा जाळाकडे बघितलं की अर्धा तास आंधळे. वाहून आलेली लाकडं तर अजिबात जाळू नका, त्यात मुरलेल्या मिठामुळे धूर विषारी होतो. आणि निखाऱ्यांवर वाळू लोटून कुणी निघून जायचं नाही. ते आत तासन्‌तास धगधगत राहतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी पोर त्यावर पाय देतं. आमच्या पुतण्याचा तळवा भाजलाय असाच.

खारा वारा

जन्म समुद्राकाठी गेला, म्हणून दोन शब्द. वरच्या दोघांनीही भरतीचा विषय काढला नाही याचं नवल वाटलं.

ताऱ्यांसाठी जी काळी रात्र हवी, तीच उधाणाची रात्र. सूर्य-चंद्र एका ओळीत आले की अंधारही मिळतो आणि पाणीही सगळ्यात वर चढतं. उत्तररात्र म्हणतात तसे अमावास्येनंतर दोन दिवसांनी गेलात तर बऱ्याच किनाऱ्यांवर उधाणाचा जोर तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. वाळूवर सुक्या शेवाळाची, शिंपल्यांची, काटक्यांची रेघ असते, ती मागच्या भरतीची खूण. सतरंजी सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर टाका. अमावास्येच्या आधी गेलात तर कालच्या रेघेवर विसंबू नका, पाणी रोज थोडं वर येत असतं. भरतीची वेळ विचारून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती साधारण ५० मिनिटं पुढे जाते. अंधारात पाणी येताना दिसत नाही, पायाला लागतं तेव्हा कळतं. एकांच्या चपला आणि दुर्बिणीचं खोकं असं गेलेलं मी पाहिलंय.

वाऱ्याचंही ऐका. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री जमीन लवकर गार होते आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. म्हणजे तुम्ही समुद्राकडे पाठ करून बसाल तेव्हा गार वारं बरोबर तोंडावर. सासूबाईंना कानटोपी हवीच. आणि वाळू वरून जितकी गार लागते त्याहून खालून अंगातली ऊब जास्त ओढून घेते. सतरंजीखाली जाड काहीतरी घाला, अंगावरच्या पांघरुणापेक्षा त्याची गरज जास्त.

दुर्बिणीच्या भिंगावर खारं आलं तर ओढणीने पुसू नका. आधी फुंकून काढा, नाहीतर ओरखडे पडतील.

उत्तररात्र

खारा वारा, भरतीची चूक मान्य. चिमूटभर, पैज जिंकलात.

दोरीवरचे कपडे

जाऊन आलो! वृत्तांत देते, नाहीतर धागा तसाच पडून राहतो.

अमावास्येनंतरचा तिसरा दिवस. जेवण सूर्यास्ताला, बाहेर, बसून, कुणीतरी वाढलेलं. कोर समुद्रावर होती. सासूबाई म्हणाल्या, "नखाएवढी आहे, पण बाकीचा चंद्रही दिसतोय की." त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मासे उजेडात खाल्ले, काटे उजेडात काढले.

सतरंजी वरच्या रेघेच्याही दहा पावलं वर टाकली. नवरा म्हणत होता एवढ्या लांब कशाला. सव्वा अकराला पाणी त्या रेघेपर्यंत आलं. त्यानंतर तो मुकाट्याने शेंगा सोलत होता.

दहाचं सूप ठरल्याप्रमाणे झालं. एकच घोटाळा. सूप-अंड्यांसाठी मीठ आणि चहासाठी साखर अशा दोन सारख्या डब्या नेल्या होत्या. (चहा बिनसाखरेचा नेला, सासूबाईंना साखर चालत नाही.) डब्यांना पांढरी पट्टी लावून त्यावर "मीठ", "साखर" लिहिलं होतं. लाल पेनाने. लाल टॉर्चखाली पट्ट्या कोऱ्या! अक्षर म्हणून दिसेना. मी घरी चारदा तपासून भरलेलं. नवऱ्याने अंदाजाने दोन चमचे टाकले आणि त्याचा चेहरा मला अंधारातही दिसला. गाजराचं सूपही त्या उजेडात पिठल्याच्या पाण्यासारखं पांढुरकं दिसत होतं, लेकीने आधी नकोच म्हटलं. पुढच्या वेळी काळं पेन.

ताऱ्यांच्या वाटण्या झाल्या. लेकीला व्याध स्वतःचा म्हणून इतका आवडला की "माझा बघा, माझा रंग बदलतो" असं दर पाच मिनिटांनी चाललं होतं. नवऱ्याने ब्रह्महृदय एकदा बघितलं, "छान आहे" म्हणाला, आणि झोपाळूंचा निसर्गनियम साडेअकराला लागू झाला. सासूबाई रोहिणीकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हा निघाला तेव्हा आई होती." मी नुसती त्यांची कानटोपी नीट केली.

बारा वाजता तिघांना खोलीवर पोचवलं आणि मी परत आले. कुणी विचारलं नाही कुठे चाललीस. सतरंजीवर एकटीच, थर्मासात एक कप चहा उरलेला, डब्या दोन्ही हातात घेऊन हलवून बघितल्या, आवाजावरून काही कळेना. साखरेशिवायच प्यायले. एक वाजून गेल्यावर मागच्या झाडांच्या शेंड्यांमधून एक केशरी ठिपका वर आला. आधी वाटलं कुणाच्या तरी गच्चीवरचा दिवा. मग तो फांदी सोडून वर सरकला.

चिमूटभर, किटलीसुद्धा दोन दिवसांत दोनदाच लावली. उत्तररात्र, पुढच्या वर्षी मी ३८ होईन. माझ्यासाठी दुसरा शोधायला लागेल की हाच चालेल?

उत्तररात्र

हाच चालेल. "सुमारे" म्हटलंय ना.