शब्दचर्चा: रिश्टोफेनियाला ‘शिंपला’ म्हणावं का?

नौपाडकर: ठाण्यातल्या एका शाळेच्या प्रदर्शनासाठी जीवाश्मांच्या पाट्या मराठीत करतोय. पाकिस्तानातल्या सॉल्ट रेंज डोंगररांगेच्या पर्मियन काळातल्या चुनखडीतल्या रिश्टोफेनियापाशी अडलोय. खाली शिंगासारखा निमुळता भाग, वर झाकण. ‘शंकूच्या आकाराचा शिंपला’ चालेल?

ऐरोलीकर: दोन झडपा, म्हणजे शिंपला. मुलांना कळतं. उगाच कीस काढू नका.

दिवाळे कोळीवाडा: दादा, आमच्याकडे शिंपल्या म्हटलं की तिसऱ्या, खुबे. टोपात वाफ धरली की आपोआप तोंड उघडतात. तुमचा हा उघडेल का?

घोडबंदर रोड: ताई, नेमकं विचारलंत! नाही उघडणार. तिसरीच्या बिजागरीला ताणलेली लवचीक पट्टी असते, स्नायू सैल पडले की ती झडपा उघडते. रिश्टोफेनिया हा ब्रॅकिओपोड, म्हणजे दोन झडपांच्या, पण शिंपल्यांहून वेगळ्या समुद्री प्राण्यांच्या गटातला. या गटात झडप उघडायलाही स्नायूच लागतात, म्हणून मेल्यावर कवच बहुतेक वेळा मिटलेलंच राहतं. चुनखडीत दोन्ही झडपा जुळलेले ब्रॅकिओपोड सापडतात ते त्यामुळेच.

एरवी हा गट ओळखायला सोपा. तिसरीच्या दोन झडपा एकमेकींचं प्रतिबिंब, तर ब्रॅकिओपोडच्या झडपा आपसांत वेगळ्या, पण प्रत्येकीची डावी-उजवी बाजू सारखी. रिश्टोफेनियाने तीही सोय ठेवली नाही. खालची झडप तळाला चिकटून शंकूसारखी वाढली, आत बुडबुड्यांसारखे कप्पे, बघणाऱ्याला वाटावं पोवळंच. जर्मन भूवैज्ञानिक कायझरने १८८१ मध्ये नाव दिलं ते भूगोलवेत्ता रिश्टहोफेनवरून.

आणि गंमत म्हणजे क्रिटेशस काळातला, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातला, हिप्पुरायटिस दिसायला थेट असाच, शंकू आणि झाकण. तो मात्र तिसरीच्या गोतातला! ‘शंकूच्या आकाराचा शिंपला’ ही पाटी त्याला लावा.

ऐरोलीकर: मान्य. मग ‘बाहुपाद’ घ्या, शुद्ध मराठी.

घोडबंदर रोड: मूळ ग्रीक नावाचं ते शब्दशः रूप. आतल्या गुंडाळलेल्या अवयवाला जुन्या अभ्यासकांनी पाय समजून हे नाव पडलं. तो अवयव पाण्यातून अन्न गाळतो, चालण्याशी त्याचा संबंध नाही. त्यापेक्षा ‘ब्रॅकिओपोड’ बरा.

नौपाडकर: तर पाटी अशी: ‘रिश्टोफेनिया. पोवळ्यासारखा दिसणारा, कवचधारी ब्रॅकिओपोड. पर्मियन काळ, सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी.’

दिवाळे कोळीवाडा: कवचधारी तर खेकडापण असतो. ‘दोन झडपांचा’ लिहा.