वडिलांच्या व्यवहारांसाठी मुखत्यारपत्र: नोटरी पुरेशी आहे का, आणि ते कुठवर चालते?

कोथरूडकर
माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. हात थरथरत असल्याने सहीतील शेवटचे अक्षर रेषेखाली घसरते आणि सही जुळत नाही म्हणून धनादेश परत येऊ लागले आहेत. विचार स्पष्ट आहेत, मात्र पेन्शन जमा झाली का, हे हल्ली ते पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांच्या मुदत ठेवी आहेत आणि सिंहगड रस्त्यावरील सदनिका भाड्याने दिलेली आहे. ते मला मुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार) द्यायला तयार आहेत. ते नोटरी करून भागेल का? आणि उद्या त्यांची स्मृती गेली, तरी ते चालेल का? भाऊ बेंगळुरूला असतो. त्याला अंधारात ठेवून मला काहीही करायचे नाही.

एक वकील, शिवाजीनगर
दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा तो मानसिकदृष्ट्या अक्षम झाला, की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसांसाठी आपण हा कागद करू पाहता, त्याच दिवसांत तो निरुपयोगी ठरू शकतो, आणि हे बहुतेकांना फार उशिरा कळते. मानसिक आरोग्याच्या १९८७ च्या कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती, ती २०१७ च्या कायद्यात राहिली नाही. त्यामुळे अशा वेळी त्या व्यक्तीचे कायदेशीर पालक म्हणून नेमले जाण्यासाठी उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. सदनिकेसाठी मात्र नोटरीवर विसंबू नका. भाडेकरार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, आणि तो वडिलांच्या वतीने दुय्यम निबंधकांपुढे (दस्तनोंदणी अधिकाऱ्यांपुढे) आपण सादर करणार असाल, तर मुखत्यारपत्रही निबंधकांकडून प्रमाणित झालेले हवे. वडिलांना जाणे झेपत नसेल, तर निबंधक घरी येऊ शकतात. त्यांच्या सक्षमतेबद्दल डॉक्टरांचा त्याच सुमारास दिलेला दाखलाही जपून ठेवा.

निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ
केवळ सहीचीच अडचण असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देता येतात. त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढील खातेदारांना घरपोच सेवा देण्याचीही सूचना आहे, ती हक्काने मागा. ठेवी मुदत संपेल तशा ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही एक किंवा मागे राहिलेला) पद्धतीने संयुक्त नावावर घ्या. अशी ठेव मुदत पूर्ण झाल्यावर एकाच्या सहीने मिळते, पण मुदतीपूर्वी मोडायची झाल्यास दोघांच्याही सह्या लागू शकतात, म्हणून सगळी रक्कम एकाच लांबच्या ठेवीत अडकवू नका. नोव्हेंबरातील हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो. पेन्शनखात्याचे नियम वेगळे आहेत. शाखेत विचारूनच त्यात बदल करा.

सहकारनगर
संयुक्त नाव लागले, तरी पैसे वडिलांचेच राहतात, हे भावाला आधीच लेखी कळवा. करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याने मागितल्यावर मुखत्याराला हिशेब द्यावाच लागतो. आपण मागण्याची वाट पाहू नये. आमच्याकडे औषधांची बिले आणि पासबुकाची प्रत दरमहा भावंडांना जाते. त्याआधी आईला ती मोठ्याने वाचून दाखवतो, आणि ती एखाद्या रकमेवर बोट ठेवून ‘हे कशाचे?’ असे विचारते, तेव्हा उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नाही.