अनुभव धागा: मटण सोडलं, चव नाही

परवा सोया चापवरून घरात वाद झाला. मांस सोडलं तर मांसाचा आव कशाला? तुमच्याकडे काय चालतं, ते लिहा. व्हेज-नॉनव्हेज हाणामारी नको, ती इतरत्र भरपूर चालते.

लालबागकर: काका माळकरी. माळ घालण्याआधी रविवारी मटणाच्या रांगेत पहिले. आता काकू सोयाबीनच्या वड्या भिजवून, घट्ट पिळून, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सोडते. तेल काढून उरलेल्या सोयापिठाच्या त्या वड्या, पण १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, त्यामुळे डॉक्टरही खूश. दिंडीतल्या एकानं टोकलं, "जीभ अजून तिथंच आहे की!" काका म्हणाले, "जीभ असू दे, बोकड तर सुटला." मी काकांच्या बाजूनं.

बोरिवली पश्चिम: आम्ही सांगलीकडचे जैन. आजी यशोधर राजाची गोष्ट सांगायची. सोमदेवसूरींनी ९५९ साली ती संस्कृतात लिहून ठेवली आहे. राजा खरा कोंबडा मारायला तयार नव्हता, म्हणून आईच्या हट्टापायी त्यानं देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला. जीव कुणाचाच गेला नाही, तरी मायलेकांना पुढे मोर, कुत्रा अशा योनींत फिरावं लागलं. कारण हात उचलला तेव्हा मनात कोंबडाच होता. म्हणून मटणासारखं दिसणारं काही आमच्या ताटात येत नाही. मुलगी मात्र विचारते, मग जैन पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्चं केळं कसं चालतं? आई तेवढ्यापुरती ऐकू न आल्यासारखं करते.

परळ: @बोरिवली, आमच्या गावी दसऱ्याला बोकडाऐवजी कोहळा कापतात. तुमच्या गोष्टीप्रमाणे सगळी भावकी पुढच्या जन्मी मोर!

वरळी कोळीवाडा: श्रावणात सुरणाचे काप, मसाला सुरमईचाच. पाप वगैरे कुणाला आठवत नाही, नारळी पौर्णिमा कधी ते आठवतं.

गिरगाव: खाण्याचं नाही, पण जवळचं. लहानपणी लाल टोकाच्या सिगारेटच्या गोळ्या मिळायच्या. मी आणि भाऊ वडिलांसारखे ऐटीत धूर सोडायचो. भाऊ पुढे खरी ओढायला लागला, मी नाही. गोळ्या दोघांनी एकाच वाण्याकडच्या खाल्ल्या होत्या. तरी माझ्या मुलाला मी त्या घेऊन देणार नाही.

भाडेकरू: 'फक्त शाकाहारी' सोसायटीत राहतो. सोया खिमा केला, गरम मसाल्याचा वास सेक्रेटरींपर्यंत गेला. दारात आले. पाकिटावरचा हिरवा ठिपका दाखवला. नीट निरखून म्हणाले, "हरकत नाही, पण वास तसा येतो, तो बंद करा." आता यावर कोणी उपाय सांगेल का?